साताऱ्या-सांगलीचा मध्यरक्षक नेमका कोठे अडतो?

डिसेंबर २०२५ मध्ये लिओनेल मेस्सी मुंबईत वानखेडे स्टेडियमवर आला, तेव्हा राज्य सरकारने 'प्रोजेक्ट महादेवा' या योजनेचा गाजावाजा केला. तेरा वर्षांखालील ३० मुले आणि ३० मुली निवडून त्यांना पाच वर्षे शिष्यवृत्ती आणि प्रशिक्षण देण्याची ही योजना आहे. त्याच महिन्यात देशातील व्यावसायिक फुटबॉल मात्र जवळपास ठप्प होता. इंडियन सुपर लीगचा हंगाम सुरू झालेला नव्हता आणि काही क्लबांनी खेळाडूंचे वेतन रोखले होते. राज्य मुलांना ज्या घराचे स्वप्न दाखवत होते, त्या घराचेच वासे फिरले होते. सातारा आणि सांगलीतील पालकांनी या विसंगतीकडे गांभीर्याने पाहायला हवे.

या दोन जिल्ह्यांत गुणवत्तेचा दुष्काळ नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. विजय हजारे यांचा जन्म सांगलीचा, तर स्मृती मानधनाची जडणघडणही सांगलीतली. २०२३ मध्ये तिरंदाजीत जगज्जेती झालेली अदिती स्वामी साताऱ्याची. या यादीत फुटबॉलपटू मात्र सापडत नाही. सांगलीपासून अवघ्या पन्नास किलोमीटरवरील कोल्हापुरात पेठापेठांतून फुटबॉल खेळला जातो, पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या संघांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरून जाते आणि तेथील मुले देशातील अव्वल क्लबांपर्यंत पोहोचतात. मग शेजारच्या जिल्ह्यांत वाट का अडते?

अनिकेतचा प्रवास काय सांगतो?

या पट्ट्यातून व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेलेले सर्वांत ठळक नाव कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे. जुलै २००० मध्ये जन्मलेला अनिकेत पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात तो यजमान संघात होता. अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिन्ही संघांकडून भारत हरला. तरीही त्या पिढीला पुढे सामने मिळावेत म्हणून महासंघाने 'इंडियन ॲरोज' हा तरुणांचा संघ आय-लीगमध्ये उतरवला. नोव्हेंबर २०१७ मध्ये चेन्नई सिटीविरुद्धच्या ३-० अशा विजयात अनिकेतने दोन गोल केले.

पुढे जमशेदपूर एफसी, इंग्लंडमधील ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे काही महिन्यांचे प्रशिक्षण आणि त्यानंतर हैदराबाद एफसी असा त्याचा प्रवास झाला. जानेवारी २०२२ मध्ये ईस्ट बंगालवरील ४-० अशा विजयात त्याने गोल केला आणि त्याच मोसमात हैदराबादने आयएसएलचे विजेतेपद पटकावले. मार्च २०२२ मध्ये बहारीन आणि बेलारूसविरुद्धच्या सामन्यांसाठी तो भारताच्या वरिष्ठ संघात निवडला गेला. ईस्ट बंगाल आणि ओडिशा हे त्याचे पुढचे मुक्काम. कोल्हापूरच्याच निखिल कदमने मोहन बागान आणि नॉर्थईस्ट युनायटेडची जर्सी घातली.

या कारकिर्दीत लक्षात घेण्याजोगी एक बाब आहे. किशोरवयात आघाडीला खेळणारा अनिकेत व्यावसायिक फुटबॉलमध्ये प्रामुख्याने बगलेवर खेळला. त्यामागे मैदानाच्या मध्यभागाचे अर्थकारणही आहे. आयएसएलच्या पहिल्या तीन मोसमांत एका संघात एकाच वेळी सहा परदेशी खेळाडू खेळू शकत. ही संख्या २०१७-१८ पासून पाच आणि २०२१-२२ पासून चार झाली. क्लब साहजिकच हे परदेशी खेळाडू मैदानाच्या मधोमध, म्हणजे बचावाच्या केंद्रात, मधल्या फळीत आणि आघाडीवर वापरतात. भारतीय मुलांच्या वाट्याला बहुधा कडेच्या जागा येतात. चेंडूचा ताबा ठेवून खेळाची लय ठरवणारा मध्यरक्षक आपल्याकडे दुर्मिळ होण्याचे हे एक कारण आहे.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. वेग निसर्गदत्त असू शकतो, शरीरयष्टी व्यायामाने कमावता येते. मध्यरक्षकाचे काम मात्र निर्णयाचे असते. चेंडू येण्यापूर्वी मान वळवून दोन्ही बाजू पाहणे, केव्हा पुढे जायचे आणि केव्हा थांबायचे हे ओळखणे, ही जाण सामन्यांतूनच येते आणि ती प्रामुख्याने बारा ते सोळा या वयात रुजते. खरा प्रश्न म्हणूनच सामन्यांच्या संख्येचा आहे.

एका सामन्याचा मोसम

साताऱ्या-सांगलीतील बहुतेक मुलांसाठी स्पर्धात्मक फुटबॉल म्हणजे शालेय स्पर्धा. तालुका किंवा जिल्हा, मग कोल्हापूर विभाग, मग राज्य, असा हा क्रम. या स्पर्धा बाद पद्धतीने होतात. जिल्ह्यातील १६ शाळांचे संघ उतरले असे धरले, तर पहिल्या फेरीत आठ शाळा बाहेर पडतात आणि दुसरीत आणखी चार. म्हणजे १६ पैकी १२ शाळांच्या मुलांचा वर्षाचा मोसम एक किंवा दोन सामन्यांत आटोपतो. जे जिंकतात, त्यांची विभागात गाठ पडते ती वर्षभर पेठेतल्या मैदानावर खेळणाऱ्या कोल्हापूरच्या मुलांशी. निकाल काय लागत असेल, याचा अंदाज बांधणे अवघड नाही.

२०१७ च्या विश्वचषकापूर्वी, १५ सप्टेंबर रोजी, 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' उपक्रमात राज्यभरातील शाळांना फुटबॉल वाटले गेले आणि एकाच दिवशी दहा लाख मुलांनी खेळावे, असे आवाहन करण्यात आले. सातारा आणि सांगलीच्या शाळांपर्यंतही हे चेंडू आले. उत्सव झाला, छायाचित्रे निघाली. पण चेंडूपाठोपाठ सामन्यांचे वेळापत्रक आले नाही. चेंडू एकदा देता येतो, स्पर्धा दर आठवड्याला भरवावी लागते.

पुण्याचा तुटलेला दुवा

कोल्हापूर किंवा साताऱ्याच्या होतकरू मुलासमोर एकेकाळी पुणे हा नैसर्गिक पुढचा टप्पा होता. २००७ मध्ये उभा राहिलेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला आणि त्याची अकादमीही नावारूपाला आली होती. भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स आणि आयएसएलमधील एफसी पुणे सिटी हे क्लबही याच शहरातले. यांपैकी एकही आज उभा नाही. भारत एफसी एका मोसमापुरता टिकला, शिवाजीयन्स २०१७ नंतर दिसला नाही. २०१४ मध्ये जन्मलेल्या एफसी पुणे सिटीची जागा २०१९ मध्ये हैदराबादकडे गेली आणि २०२५ मध्ये तीच जागा दिल्लीत पोहोचली. अनिकेतसाठी उभारलेला इंडियन ॲरोजही २०२२ मध्ये बंद झाला.

आयएसएलमध्ये राज्याचा एकमेव प्रतिनिधी उरला तो मुंबई सिटी. मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपने डिसेंबर २०२५ मध्ये त्यातूनही अंग काढून घेतले. थोडक्यात, तीन-चार लाखांची हमी असलेली नोकरी सोडून मुलाला फुटबॉलमध्ये घालणाऱ्या घराला हा व्यवसाय दहा वर्षांचीही खात्री देऊ शकलेला नाही.

शिखरावरची अनिश्चितता

२०२५ मधील पेचाचे मूळ एका करारात होते. महासंघाने २०१० मध्ये व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी खासगी भागीदाराला दिले होते. त्याची मुदत ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार होती. नूतनीकरणाचा निर्णय न झाल्याने जुलैमध्ये आयएसएलचा हंगाम स्थगित झाला. पुढे हक्कांसाठी निविदा निघाली, तेव्हा एकही बोली आली नाही. अखेर जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी १४ फेब्रुवारीपासून १४ क्लबांची स्पर्धा होईल, असे जाहीर केले. त्यात एकूण ९१ सामने ठरले, म्हणजे प्रत्येक क्लबाला साखळीत १३. आधीच्या २०२४-२५ च्या मोसमात हाच आकडा २४ होता. जो आजार सांगलीच्या शाळेत, तोच आता देशाच्या अव्वल स्पर्धेत दिसतो: खेळाडू आहेत, सामने नाहीत.

खर्च थोडा, सातत्य मोठे

'प्रोजेक्ट महादेवा'तील साठ मुलांना चांगले प्रशिक्षण मिळेल आणि ते मिळायलाच हवे. परंतु साठ मुले निवडण्यासाठी हजारो मुले नियमित खेळत असावी लागतात. एका चाचणीच्या दिवशी उंच, वेगवान मुलगा चटकन डोळ्यांत भरतो. शांतपणे योग्य जागी चेंडू देणारा मुलगा तेथे मागे पडतो, त्याचे मोल दहा-बारा सामने पाहिल्यावरच कळते. मध्यरक्षक चाचणीत सापडत नाही, तो साखळीत सापडतो.

त्यासाठी कोट्यवधींची गरज नाही. सातारा, कराड, इस्लामपूर, सांगली, मिरज, इचलकरंजी आणि कोल्हापूर ही गावे एकमेकांपासून दोन-तीन तासांच्या अंतरात आहेत. आठ संघांची पंधरा वर्षांखालील साखळी दुहेरी पद्धतीने भरवली, तरी प्रत्येक मुलाला वर्षात १४ सामने मिळतील. सातारा आणि सांगलीत क्रीडा संकुले आहेत, शाळांची मैदाने आहेत. लागतील ते पंच, एसटीचे भाडे आणि शनिवार-रविवारचे वेळापत्रक सांभाळणारी माणसे. हे काम जिल्हा संघटना आणि क्रीडा कार्यालये एकत्र आल्यास होऊ शकते. कोल्हापूरच्या संघांचा त्यात तोटा नाही, उलट त्यांना पेठेबाहेरचे प्रतिस्पर्धी मिळतील.

फुटबॉलमध्ये बचाव आणि आक्रमण यांना जोडणारी मधली फळी कोलमडली, की चेंडू नुसता इकडून तिकडे भिरकावला जातो. दक्षिण महाराष्ट्राच्या फुटबॉलचे नेमके तेच झाले आहे. एका टोकाला कोल्हापूरची हौस आहे, दुसऱ्या टोकाला मुंबईतील घोषणा. मधले सातारा-सांगली रिकामे आहे. ते भरले नाही, तर २०३० मध्ये या साठ मुलांची पाच वर्षे संपतील तेव्हाही, त्यांच्या मागे कोण उभे आहे, हा प्रश्न अनुत्तरितच राहील.