उशिरां आलेल्याचा पाट

एखाद्या समाजाची न्यायबुद्धि पाहावयाची असेल, तर तेथें वडीलधाऱ्यांचा मान किती राखला जातो हें पाहूं नये. सर्वांच्या शेवटीं आलेल्याला बसावयास पाट कोण देतो, तें पाहावें. ही कसोटी घराला लागू पडते, संस्थेला लागू पडते, आणि आज आम्ही ती लावणार आहोंत एका खेळाला.

आमच्या एका स्नेह्यांचा थोरला मुलगा शिक्षणासाठीं परगांवीं असतो. धाकटी मुलगी येथें आईबापांपाशीं आहे. भावाबहिणींना रोज घटकाभर भेटावयास एखादी जागा असावी, म्हणून थोरला दोन वर्षें जो संगणकावरील खेळ खेळत होता, त्यांतच धाकटीनें प्रवेश केला. तिनें मोठ्या हौसेनें वैद्याची भूमिका घेतली. परंतु भाऊ ज्या प्रदेशांत वावरे, तेथें पाऊल ठेवतांच ती मरून पडे; आणि भाऊ तिच्या प्रदेशांत आला, कीं त्याच्या एका फटक्यानें सारे शत्रु आडवे होत व हिला करण्यासारखें कांहींच उरत नसे. वैद्यापाशीं औषध एकच; बाकीचीं 'पुढें मिळतील'. तीन आठवड्यांनीं ती भावाला म्हणाली, "दादा, तुझ्याबरोबर खेळायला मला आधीं दोन महिने तुझ्याशिवाय खेळलं पाहिजे." आणि तिनें खेळ सोडला. या एका वाक्यांत आमचा सर्व पूर्वपक्ष आला आहे.

ज्या वाचकांस हा विषय अपरिचित असेल, त्यांच्यासाठीं दोन शब्द. या खेळांत प्रत्येकजण एक पात्र निर्माण करतो व त्यास एक पेशा देतो. खेळाडूंच्या बोलींत त्यास 'क्लास' म्हणतात. कोणी ढाल घेऊन पुढें उभा राहतो, कोणी मंत्र टाकतो, कोणी जखमा भरून काढतो. कामगिऱ्या पार पाडल्या कीं अनुभव जमतो, अनुभवानें पात्र एकेक पायरी, म्हणजे 'लेव्हल', चढतें, आणि पायरीगणिक त्या पेशाचीं नवीं कौशल्यें हातीं येतात. हजारों माणसें एकाच वेळीं एकाच काल्पनिक जगांत वावरत असतात. असल्या पोरखेळाची चर्चा येथें कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर एवढेंच, कीं ज्या जगांत आपलीं मुलें आयुष्याच्या अनेक संध्याकाळी घालवितात, त्या जगाचे कायदे न्याय्य आहेत कीं नाहींत, हा प्रश्न पोरकट असूं शकत नाहीं.

दोषाचें मूळ शोधावयाचें तर थोडें मागें गेलें पाहिजे. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. पेशा आणि पायऱ्या यांची ही सांगड तेथून रूढ झाली. त्यांत पहिल्या पायरीवरील मांत्रिकाला दिवसांतून एकच मंत्र टाकतां येई. पण त्या दारिद्र्याची कोणाला लाज वाटत नसे. कारण एका टेबलाभोवतीं पांचसहा मित्र बसत, बहुधा सर्वच एके दिवशीं आरंभ करीत, आणि खेळ चालविणारा पंच समोर बसलेला असल्यामुळें दुबळ्याला सांभाळून घेई. ती एक पंगत होती. सर्वांचीं पानें एकदमच वाढलीं जात. पुढें १९७८ मध्यें इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनीं अनेकांना एकाच वेळीं वावरतां येईल असें संगणकावरचें जग उभारण्यास आरंभ केला, आणि त्या वंशाचा विस्तार होत होत आजचे प्रचंड खेळ झाले. टेबलावरची शिडी मात्र जशीच्या तशी उचलून या जगांत आणली गेली. येथें पंगत कधीं उठतच नाहीं आणि नवा पाहुणा रोज येतो, हा फरक कोणीं फारसा ध्यानांत घेतला नाहीं.

त्याचा परिणाम आंकड्यांनींच पाहावा. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ २००४ च्या नोव्हेंबरांत निघाला, तेव्हां शिडीला ६० पायऱ्या होत्या. पुढें खेळाचा प्रत्येक नवा भाग आला कीं पांच किंवा दहा पायऱ्यांची भर पडे. २०१८ मध्यें त्यांची संख्या १२० झाली. जुन्या खेळाडूला दर खेपेस त्या पांचदहाच चढावयाच्या. नवख्याला मात्र सगळ्या. चढण्याची गति मधल्या काळांत वाढविण्यांत आली हें खरें, पण त्यामुळें वाट ओसाड झाली, तिला सोबत मिळाली नाहीं. अखेर २०२० मध्यें चालकांनींच ही शिडी कापून पुन्हां ६० पायऱ्यांवर आणली. रोग होता याची कबुली याहून स्पष्ट ती कोणती?

या रोगावर दोन औषधें निघालीं. आमच्या मतें दोन्ही खोटीं आहेत. पहिलें म्हणजे बढतीची विक्री. २०१४ मध्यें याच खेळाच्या चालकांनीं ६० डॉलर घेऊन पात्राला एकदम ९० व्या पायरीवर नेऊन ठेवण्याची सोय केली. पुढें इतरांनींहि तो कित्ता गिरविला. म्हणजे ज्यानें रस्ता खडबडीत ठेवला, तोच फाट्यावर उभा राहून पालखीचें भाडें मागतो! रस्ता चांगला असेल तर पालखी विकण्याचें कारण नाहीं. आणि वाईट असेल तर तो दुरुस्त करणें हें मालकाचें कर्तव्य आहे, गिऱ्हाइकाचा खर्च नव्हे. शिवाय, जो ९० व्या पायरीवर एकदम जाऊन पडला, त्याच्या पुढ्यांत वीसतीस कौशल्यांचा ढीग येतो आणि त्यांतील एकहि त्यानें हातानें वापरून पाहिलेलें नसतें. वेळ वांचला, विद्या आली नाहीं.

दुसरें खोटें औषध म्हणजे जुन्यांचे श्रम पुसून टाकून नवख्याला खूष करणें. 'स्टार वॉर्स गॅलेक्सीज' हा खेळ जून २००३ मध्यें सुरू झाला. त्या चित्रपटांतील जेडाय योद्धा व्हावें ही पुष्कळांची इच्छा. पण तो पेशा आरंभीं झांकलेला होता. अनेक पेशे पूर्णपणें आत्मसात केल्यावांचून तो उघडत नसे, आणि ते कोणते, हें प्रत्येक पात्रापुरतें निराळें व गुप्त असे. मग ज्याला नृत्याची आवड नाहीं तो नर्तक झाला, ज्याला सुईदोऱ्याचा कंटाळा तो शिंपी झाला, आणि खेळाची वेठ झाली. ही एक टोंकाची चूक. १५ नोव्हेंबर २००५ रोजीं चालकांनीं दुसऱ्या टोंकाची केली. त्यांनीं ३४ पेशांचे ९ केले आणि जेडाय हा पहिल्याच दिवशीं कोणालाहि निवडतां येईल असा पेशा करून टाकला. प्राणी माणसाळविणाऱ्यांचा पेशा तर नाहींसाच झाला. ज्यांनीं महिने वेंचून ती पदवी मिळविली होती, त्यांचा संताप उसळला, आणि तो रास्त होता. १५ डिसेंबर २०११ रोजीं तो खेळ बंद पडला.

या उदाहरणावरून "पाहा, नवख्यांचे लाड केले कीं खेळ बुडतो" असा निष्कर्ष काढणारे लोक आहेत. तो आम्हांस मुळींच मान्य नाहीं. तेथें दोष नवख्याला दिल्याचा नव्हता. जुन्याचें हिरावून घेतल्याचा होता. उशिरां आलेल्या पाहुण्याला पाट मांडावयाचा तो भिंतीशीं टेकवून ठेवलेल्या पाटांतून. अर्धें जेवण झालेल्याला उठवून त्याचा पाट ओढून घ्यावयाचा नसतो.

मग खरा न्याय कोणता? आमच्या मतें सारा घोळ काठिण्य आणि विलंब या दोहोंत भेद न केल्यामुळें झाला आहे. बुद्धिबळ कठीण आहे. परंतु पहिल्या दिवशीं शिकावयास बसलेल्या मुलापुढेंहि सोळाच्या सोळा मोहरीं मांडलेलीं असतात. 'तूं नवा आहेस, म्हणून वर्षभर प्याद्यांनींच खेळ, वजीर पुढच्या वर्षीं मिळेल', असें त्यास कोणी सांगत नाहीं. तो हरतो तो मोहरीं कमी म्हणून नव्हे, विद्या कमी म्हणून. आणि म्हणूनच त्याचा पराजय त्याला शिकवितो. उलट बलवान खेळाडूच आपला हत्ती किंवा वजीर काढून ठेवून दुबळ्याशीं खेळतो. आमच्या तालमींतून वस्ताद पोरासोरांना खेळवितो, तेव्हां तोहि अंगचें सगळें बळ लावीत नाहीं. ज्येष्ठानें उतरून यावें, ही खेळांची जुनी रीत आहे.

आणि ही रीत संगणकावरील खेळांना अशक्य आहे असें म्हणण्याचीहि सोय नाहीं. २००४ सालच्या 'सिटी ऑफ हीरोज' या खेळांत ज्येष्ठाला आपल्या नवख्या सोबत्याचें बळ जवळजवळ आपल्या बरोबरीचें करून त्याला सोबत नेतां येत असे. 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन' या खेळानें २०१६ च्या ऑक्टोबरांत प्रदेशांवरील पायऱ्यांचें बंधनच उठविलें, व जुन्यानव्यांना कोठेंहि एकत्र फिरण्यास मोकळीक दिली. 'फायनल फँटसी फोर्टीन' या जपानी खेळांत प्राथमिक कामगिरीवर गेलेल्या ज्येष्ठाची पायरी आपोआप खालीं आणली जाते, आणि सोबत कोणी प्रथमच आलेला असेल तर सर्वांस जादा बक्षीस मिळतें. नवख्याची सोबत हा भार न राहतां लाभ झाला. एका नियमानें स्वभाव पालटला! पण याच खेळांत २०२४ सालीं वायपर व पिक्टोमॅन्सर असे दोन नवे पेशे आले, ते दुसरा एखादा पेशा ८० व्या पायरीपर्यंत नेल्याखेरीज हातीं लागत नाहींत. म्हणजे चित्रकाराचें चित्र पाहून जो दुकानांत आला, त्यास प्रथम ८० पायऱ्या भालाईत होऊन चढा असें सांगावयाचें! जो खेळ सोबतीचा न्याय इतका उत्तम जाणतो, त्यानें पेशाच्या बाबतींत असा हट्ट धरावा, याचें नवल वाटतें.

तेव्हां आमच्या मागण्या तीन. पेशाचा आत्मा पहिल्याच दिवशीं हातीं यावा: वैद्याला जखम भरतां यावी, कोसळणाऱ्याला सांवरतां यावें, पुढील पायऱ्यांनीं त्या विद्येचा विस्तार करावा, तिच्या आरंभाची परवानगी देऊं नये. दुसरें, जुने व नवे एकत्र आले कीं ज्येष्ठाचें बळ उतरावें, आणि उतरण्याबद्दल त्यास बक्षीस असावें. तिसरें, कोणताहि पेशा नवख्याला बंद नसावा, व एकदां चाललेली सामाईक वाट दुसऱ्या पेशासाठीं पुन्हां चालावयास लावूं नये. एवढें झालें तर बढती विकण्याचें कारणच उरणार नाहीं. ज्येष्ठांसाठीं पदव्या राहूं द्या, दुर्मिळ वस्त्रें राहूं द्या, अत्यंत कठीण कामगिऱ्या राहूं द्या. त्यांचें कांहींच जात नाहीं.

एक आक्षेप उरतो, आणि तोच सर्वांत मोठ्यानें ओरडला जातो: "आम्हीं सोसलें, यांनीं कां सोसूं नये?" हा युक्तिवाद आमच्या घरांतील बायकांनीं पिढ्यान् पिढ्या ऐकला आहे. सून म्हणून जिनें चुलीपुढें धूर गिळला, तीच सासू झाल्यावर सुनेला धूर गिळावयास लावी, आणि त्याला वळण म्हणे. ज्यांना आपल्या कष्टांचा खरा अभिमान आहे, त्यांनीं तो केलेल्या पराक्रमांवर ठेवावा. वाट पाहण्यांत गेलेल्या तासांवर ठेवूं नये. पराक्रम दुसऱ्याला सोपी वाट मिळाल्यानें लहान होत नाहीं.

आमच्या स्नेह्यांच्या मुलीनें खेळ सोडला, यांत खेळाच्या चालकांचें एक गिऱ्हाईक गेलें. भावाची मात्र सोबत गेली. तो अजून रोज रात्रीं त्या जगांत जातो, आणि तेथें त्याची पायरी फार उंच आहे.