हद्द आखली, बाईला विचारलं का?

मैत्रिणींनो, केळीच्या रोगावर आपल्या अंकात लेख कशाला, असं काहीजणींना वाटेल. मलाही वाटलं असतं. समाजकार्याचं एम.ए. करताना हुंडा, मारहाण, रेशन, आरोग्य सगळं शिकले, पण पिकांच्या रोगाचा कायदा कधी कोणी शिकवला नाही. तो मला रावेर भागातल्या बचतगटांतल्या बायांनी शिकवला.

केळीवर मोझॅक नावाचा विषाणूरोग येतो. पानावर पिवळे पट्टे उठतात, पुढे पोंगा सडतो. औषध नाही. मावा हा रोग झाडावरून झाडावर नेतो, आणि रोगट रोपांबरोबर तो गावोगाव फिरतो. उपाय एकच. रोगट झाड दिसताच उपटायचं आणि नष्ट करायचं.

म्हणून हद्दी लागतात. 1914 च्या किडी-रोगांच्या कायद्याखाली सरकार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोपं नेण्यावर बंदी घालू शकतं. पर्णगुच्छ रोगासाठी 1959 साली केरळ, तामिळनाडू, बंगाल अशा राज्यांतून केळीची रोपं बाहेर नेण्यावर बंधन आलं. 1961 साली मोझॅकसाठी तेच बंधन महाराष्ट्र आणि गुजरातवर आलं. रोगट भाग वेगळा ठेवायचा आणि निरोगी भाग राखायचा, हे तत्त्व मला मान्य आहे. आपल्यातल्या काहीजणी म्हणतात, ही सरकारी दडपशाही, तिला विरोधच करावा. मी त्यांच्याशी सहमत नाही. बंधनं सैल झाली तर मोठा बागायतदार पुढच्या वर्षी नवी रोपं आणतो. दीड एकरवाली बाई कर्जात जाते.

माझं भांडण वेगळं आहे. हद्द आखणाऱ्यांना शेतात खातेदार दिसतो, बाई दिसत नाही.

आमच्या गटातली एक विधवा बाई. जमीन ती कसते, पण सातबारा दिराच्या नावावर. पिवळे पट्टे पहिल्यांदा तिला दिसले, कारण निंदणीला रोज ओळीतून तीच फिरते. सांगितल्याप्रमाणे तिने झाडं उपटली, खड्ड्यात पुरली. पंचनाम्याला आलेल्यांनी विचारलं, "खातेदार कोण?" पैसे दिराच्या खात्यात गेले. ती मला म्हणाली, "ताई, पुढच्या टायमाला मी कायले सांगू?"

या प्रश्नाचं उत्तर कायद्याकडे नाही. आणि तिथेच हद्द फुटते. जिला सांगून फक्त तोटा होतो, ती सांगणार नाही. रोगट झाड उभं राहील, मावा आपलं काम करील. शेजारच्या शेतातल्या मजूर बायांचंही तेच. बाग उपटली की त्यांचे निंदणीचे, घड काढणीचे दिवस बुडतात. त्या दिवसांचा पंचनामा कोणी केलेला मी पाहिला नाही.

आणखी एक गोष्ट. बागेजवळ काकडी, भोपळा, टमाटे, मिरची लावू नका, असा सल्ला मिळतो. शास्त्राने तो बरोबर आहे, हा विषाणू या पिकांवरही जगतो. पण बांधावरचे हे चार वेल कोणाचे? बाईचे. घरचं कालवण त्यातून होतं, बाजारात विकून चार पैसे तिच्या हातात येतात. शास्त्रज्ञ ज्याला रोगाचा आश्रय म्हणतात, तिला ती ताटातली भाजी आहे. वेल काढायला सांगणाऱ्याने त्याबदल्यात काय देणार, तेही सांगितलं पाहिजे.

उलट रोगट रोपं विकणाऱ्याचं काय होतं? ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय व्यवस्था 2006 पासून आहे. पण गावात टेम्पोने आलेली रोपं बिलाशिवाय घेतली की दाद कोणाकडे मागायची? 2024 साली केंद्राने निरोगी रोपांसाठी 1,765 कोटींची योजना मंजूर केली. पुण्याला द्राक्षांचं, नागपूरला संत्र्याचं, सोलापूरला डाळिंबाचं केंद्र ठरलं. चांगलं आहे. पण त्या रोपाची राखण शेतात कोण करणार, हे आधी मोजा. 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीखातेदारांत बाया सुमारे 14 टक्के होत्या. शेतात राबणाऱ्या बाया किती, हे तुम्ही-आम्ही डोळ्यांनी पाहतो.

"आधी रोग आवरू, मग बायांचं बघू," असं एका बैठकीत मला ऐकवलं गेलं. हे वाक्य आपण पूर्वीही ऐकलंय. आधी स्वातंत्र्य, आधी वर्गलढा, आधी विकास. इथे तर तो क्रमच खोटा आहे. बाईला वगळून रोग आवरतच नाही.

म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात. नुकसानभरपाई सातबाऱ्यावरच्या नावाला नव्हे, कसणाऱ्या हाताला मिळावी, ग्रामसभेने तशी नोंद करावी. उपटणीने बुडालेल्या मजुरीचे दिवस धरले जावेत. रोगपाहणीचं काम गावातल्या बायांना शिकवून, रोजी देऊन करून घ्यावं. बिलाशिवाय रोपं विकणाऱ्यावर कारवाई व्हावी. आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव, ही जुनी मागणी आहेच. 1986 च्या चांदवडच्या अधिवेशनाला हजारो शेतकरी बाया जमल्या होत्या, त्याला किती वर्षं झाली?

पुढच्या ग्रामसभेला तुमच्या गटातल्या बाया घेऊन जा. आमच्या गटाने ठराव लिहून ठेवला आहे. त्या विधवा बाईने त्यावर पहिली सही केली आहे.