दहा मिनिटांचा हिशेब

कर्करोग झालेल्या बालकाला रोगाचे नाव उमगत नाही. सुई मात्र उमगते. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. त्या काळात रक्त घेणे, शिरेतून औषध देणे, पाठीतले पाणी काढणे हे सारे पुनःपुन्हा करावे लागते. एकदा तिघाचौघांनी दाबून धरलेले मूल पुढच्या खेपेस दारातच हंबरडा फोडते, यात नवल ते काय?

यावर परिचारिकेच्या हाती एक साधा उपाय असतो, तो म्हणजे मुलाचे लक्ष वळविण्याचा. लहानग्याला साबणाचे फुगे फुंकावयास द्यावेत, थोड्या मोठ्याला गोष्टीत गुंतवावे, दहा वर्षांच्याला कोडे घालावे. हे नुसते लाड नव्हेत. वेदनेचे संदेश मज्जारज्जूतील जणू एका दारातून मेंदूकडे जातात आणि ते दार किती उघडावे हे काही अंशी मनही ठरविते, ही उपपत्ती मेल्झॅक व वॉल यांनी १९६५ सालीच मांडली. सुई टोचताना लक्ष वळविल्यास मुलांचा त्रास कमी होतो, असे कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यातही, पुराव्याच्या मर्यादा मान्य करून, म्हटले आहे. अर्थात, भुलीच्या औषधात काटकसर करण्याची ही सबब होऊ नये. आणि 'टोचणार नाही' अशी थाप तर कधीच मारू नये. तिने मुलाचा विश्वास कायमचा जातो.

मग अडते कोठे? फुग्यांची किंमत चार पैशांची. महाग आहे तो परिचारिकेचा वेळ. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसारख्या योजनांत उपचारासाठी ठरावीक रक्कम मिळते आणि शुश्रूषेचा खर्च तीतच धरलेला असतो. औषधाची बाटली मोजली जाते. मुलाजवळ बसून घालविलेली दहा मिनिटे कोणत्याच रकान्यात पडत नाहीत. जे रकान्यात नाही, ते अंदाजपत्रकातही येत नाही, हा अर्थव्यवहाराचा जुनाच नियम आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली बालकर्करोगाविषयी संकल्प सोडला, त्याचे शब्द दुहेरी आहेत: २०३० पर्यंत किमान ६० टक्के मुले वाचावीत आणि त्यांच्या यातना कमी व्हाव्यात. पहिल्या अर्ध्याचा हिशेब सारेच ठेवतील. दुसऱ्याचा ठेवावयाचा, तर परिचारिकांची पदे मंजूर करतानाच ही दहा मिनिटे कामाच्या वेळात धरली पाहिजेत. एरवी ती एखाद्या थकलेल्या परिचारिकेच्या दयाबुद्धीवरच अवलंबून राहतील. आणि दयाबुद्धीच्या आधारावर कोणतीही रुग्णसेवा फार काळ चालत नाही.