उन्हाळा आणि आपली फळे

एप्रिल महिन्यातील दुपार. चाकणच्या एका कारखान्याची पहिली पाळी सुटते. घामाघूम झालेले कामगार फाटकाबाहेर येतात. समोरच्या टपरीवर शीतपेयांच्या रंगीत बाटल्या मांडलेल्या असतात. बाटली उघडली की घसा गार होतो. पण थोड्याच वेळात पुन्हा तहान लागते. रस्त्याच्या पलीकडे एक शेतकरी कलिंगडांचा ढीग लावून बसलेला असतो. त्याच्याकडे थोड्यांचेच लक्ष जाते. मला वाटते, इथेच आपण चुकतो.

३०० मिलिलिटर गोड शीतपेयात साधारण ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. एक कप चहात आपण एवढी साखर घालू का? याउलट, कलिंगडात दहा भागांपैकी नऊ भाग पाणीच असते. उन्हाळ्यात घामावाटे शरीरातील पाणी कमी होते आणि नेमकी त्याच दिवसांत ही रसाळ फळे बाजारात येतात.

या फळांसाठी फार दूर जावे लागत नाही. पुणे-नाशिक रस्त्याने चाकणच्या पुढे गेले की नारायणगाव लागते. हा जुन्नर तालुक्याचा भाग द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. पुण्याच्या दुसऱ्या बाजूला पुरंदर तालुका आहे. तेथील अंजिरांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे या फळाचे खास गुण त्या भागामुळे आहेत, हे सरकारने मान्य केले.

मराठी घरांत चिरलेल्या फळांची कोशिंबीर करतात. तुमच्या घरी रोजा सोडताना खजुराबरोबर फळांची चाट असते. नाव वेगळे, पण गारवा एकच! तुम्ही ज्याला तरबूज म्हणता, ते आमचे कलिंगड. अंगूर म्हणजे द्राक्षे, पपीता म्हणजे पपई. अंजीर, खरबूज आणि पुदिना यांना तर दोन्ही भाषांत एकच नाव आहे.

ही कोशिंबीर करणे अगदी सोपे आहे. फळे आधी स्वच्छ धुवा. कलिंगड, खरबूज व पपई यांच्या फोडी करा. त्यांत द्राक्षे आणि अंजिराचे तुकडे मिसळा. वरून लिंबू पिळा, पुदिन्याची पाने व चिमूटभर जिरेपूड घाला. मीठ मात्र अगदी शेवटी घाला, कारण मिठामुळे फळांना पाणी सुटते. साखरेची गरज नाही. घरी फ्रिज नसेल, तर न चिरलेल्या फळांवर ओले फडके गुंडाळून ती सावलीत ठेवा. फडक्यातील पाण्याची वाफ होताना फळे थंड होतात. रस्त्यावर उघडी ठेवलेली, चिरलेली फळे मात्र खाऊ नका.

"फळे महाग असतात," असे कोणी म्हणेल. परदेशातून आलेली सफरचंदे महाग असतात, हे खरे. पण हंगामातले एक कलिंगड सगळ्या घराला पुरते. एवढ्या माणसांना एकेक बाटली घेतली तर किती खर्च येईल? हिशेब करून पाहा.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला. पुढे एकामागून एक कारखाने आले आणि हजारो कुटुंबांना रोजगार मिळाला. कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकणही उद्योगनगरी बनले. कारखाने हवेतच, परंतु आसपासची शेतीही टिकायला हवी. शेतकऱ्याच्या मालाला जवळच गिऱ्हाईक मिळाले, तर त्याला शेती सोडावीशी वाटणार नाही.

म्हणून आज संध्याकाळी अब्बा कामावरून घरी येतील, तेव्हा त्यांच्यासमोर बाटली ठेवू नका. आपल्या हातांनी केलेली फळांची कोशिंबीर ठेवा. त्यांचा थकवा जाईल आणि कोणा शेतकऱ्याच्या कष्टांचेही चीज होईल.