मासे का मरतात, आणि एक बादली पाणी

आपल्या मुलांच्या घरी हल्ली काचेचा फिश टँक दिसू लागला आहे. वाढदिवसाला कोणीतरी देते, आठ दिवस सगळे घर त्याच्याभोवती जमते आणि महिन्याभरात टँक माळ्यावर जातो. 'उटनूरचं पाणी माशांना मानवत नाही' असे सांगून आपण मुलांची समजूत घालतो. मला हे पटत नाही. दोष पाण्याचा कमी आणि आपल्या स्वच्छतेच्या हौसेचा जास्त.

माझेच सांगतो. एका रविवारी मी टँक पूर्ण रिकामा केला, खडे घासून धुतले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळला आणि ताजे पाणी भरले. टँक आरशासारखा लखलखला. मंगळवारी सहापैकी पाच मासे तरंगत होते. धाकटीने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, आणि तिचे बरोबरच होते.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. खड्यांत आणि स्पंजमध्ये राहणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच सौम्य असे नायट्रेट करतात. हे बिनपगारी सफाई कामगार मी घासून टाकले होते, उरलेले नळाच्या क्लोरीनने मारले. नायट्रेट मात्र साठत जाते, ते पाणी बदलूनच कमी करावे लागते. म्हणून दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे, सगळे कधीच नाही. ६० × ३० × ३० सेंटिमीटरचा टँक ५४ लिटरचा. खडे आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाव भाग म्हणजे साधारण एक बादली.

त्यासाठी महागडे यंत्र नको. गवंडी लेव्हल पाहायला वापरतात ती पारदर्शक नळी दोन मीटर घ्यावी. अर्ध्या लिटरच्या बाटलीचा तळ कापून तिच्या तोंडात नळी घट्ट बसवावी. (कापायचे काम मोठ्यांनी करावे.) नळी पाण्याने भरून दुसऱ्या टोकाला अंगठा लावावा, बाटली खड्यांत टेकवावी, बादली टँकच्या खाली ठेवून अंगठा सोडावा. घाण आपोआप वाहून येते. तोंडाने ओढू नये. मी ओढले आहे, चव अजून आठवते.

नव्या पाण्यासाठी वीस लिटरच्या स्वच्छ डब्याला माठाची तोटी बसवून तो टँकपेक्षा उंच, भक्कम जागी ठेवावा. पाणी आदल्या दिवशीच भरून झाकण उघडे ठेवावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो. डबा टँकच्याच खोलीत हवा. आपल्या जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो. अंगणातले गार पाणी एकदम ओतले तर मासा दगावू शकतो. तोटी बारीक सोडून हळूहळू भरावे. स्पंज नळाखाली नव्हे, काढलेल्या पाण्यातच पिळावा.

'मे महिन्यात माणसांना पाणी नाही आणि माशांना बादली?' असे आमच्या आई विचारतात. प्रश्न खरा आहे. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाला (१९५१) समुद्र दारात होता, आपल्याला मोजून पाणी वापरावे लागते. पण टँक सगळा धुतला तर चार बादल्या मोरीत जातात. या रीतीने एकच लागते आणि तीही झाडांना मिळते. नायट्रेट हे झाडांचे खतच. आमची पपई साक्षीला आहे. फक्त ओतण्यापूर्वी बादलीत एखादे पिल्लू आले नाही ना, ते पाहावे.

शाळेच्या व्हरांड्यातला टँकही दर महिन्याला शिपाईमामांकडून पूर्ण धुऊन घेतला जातो. ते काम आठवीच्या मुलांकडे द्यावे, असे माझे मुख्याध्यापकांना सांगणे आहे. घनफळ, पाण्याची पातळी, जिवाणू हे सगळे पुस्तकात आहेच, इथे हाताने होईल. माझ्याकडे चार मीटर नळी शिल्लक आहे. हवी असल्यास मुलांबरोबर निरोप पाठवावा.