गादी, गल्ला आणि गृध्रसी

सकाळी दुकानाचे शटर उचलण्यासाठी वाकलेला माणूस तसाच वाकलेला राहतो. कंबरेतून निघालेली कळ नितंब, मांडीचा मागचा भाग आणि पोटरी यांतून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरते. व्यापारी घरांत हे दृश्य नवे नाही. दुसऱ्या दिवशी पेढी मुलाच्या हाती जाते, तिसऱ्या दिवशी ओळखीचा मालिशवाला येतो, चौथ्या दिवशी एमआरआय निघतो आणि अहवालातील ‘डिस्क बल्ज’ एवढे दोन शब्द वाचून घरात ऑपरेशनची चर्चा सुरू होते. आठवड्यापूर्वी दिवसभर गादी सांभाळणारे शेठजी भिंतीकडे तोंड करून पडून राहतात आणि आता आपली कंबर कायमची गेली, असे मनाशी धरून बसतात. या दुखण्यात वेदनेपेक्षा ही भीतीच पुष्कळदा अधिक नुकसान करते.

दुखणे मात्र फार जुने आहे. आयुर्वेदात त्याला गृध्रसी म्हणतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींमध्ये तिचा समावेश असून नितंबापासून पावलापर्यंत उतरणाऱ्या वेदनेचा मार्ग तेथे क्रमाने दिलेला आहे. पश्चिमेकडे नेपल्सचे वैद्य दोमेनिको कोतुन्यो यांनी १७६४ मध्ये सांध्याचे दुखणे आणि नसेचे दुखणे यांतील भेद दाखवला. नस दुखते कशाने, याचा उलगडा मात्र १९३४ मध्ये झाला. दोन मणक्यांमधील चकती फाटून तिचा गर नसेच्या मुळावर दाब देतो, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यविशारदांनी त्या वर्षी सप्रमाण मांडले.

सायटिक नस ही शरीरातील सर्वांत जाड नस, जवळजवळ बोटाएवढी. कंबरेच्या शेवटच्या दोन आणि त्याखालच्या त्रिकास्थीच्या पहिल्या तीन मुळांपासून ती बनते. चकत्याही बहुधा तेथेच, कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मध्ये किंवा पाचव्या मणक्याच्या खाली, दगा देतात. कारण अंगाचा भार आणि वाकण्याचा ताण तेथेच एकवटतो. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून आतील दाब मोजला होता. पुढे वाकून बसलेल्या माणसाच्या चकतीवरील दाब ताठ उभ्या माणसापेक्षा बराच अधिक भरला. गादीवर मांडी घालून, समोरच्या उतरत्या मेजावर झुकून पिढ्यान्‌पिढ्या वह्या लिहिणाऱ्यांची पाठ नेमकी याच अवस्थेत असे. आता वहीची जागा संगणकाने आणि मोबाइलने घेतली आहे; झुकणे तेवढे तसेच राहिले. मागच्या खिशातील जाड पाकिटावर तासन्‌तास बसूनही नस दबते. यूपीआयने ते पाकीट सडपातळ केले, हा व्यापारातील बदलाचा एक अनपेक्षित लाभच म्हणायचा.

आता त्या एमआरआयच्या अहवालाविषयी. १९९४ मध्ये अमेरिकेत कंबरेची कोणतीही तक्रार नसलेल्या ९८ व्यक्तींचे एमआरआय तपासण्यात आले. त्यांतील निम्म्याहून अधिक जणांच्या, म्हणजे ५२ टक्क्यांच्या, निदान एका चकतीला फुगवटा होता. सर्व चकत्या निर्दोष असलेले केवळ ३६ टक्के निघाले. पन्नाशीच्या माणसाच्या अहवालात फुगवटा दिसणे हे पुष्कळदा केस पिकण्यासारखेच असते. चित्रातील दोष, पायातील वेदनेचा मार्ग आणि डॉक्टरांची प्रत्यक्ष तपासणी या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच त्या कागदाला अर्थ येतो. उताणे झोपवून गुडघा न वाकवता पाय उचलण्याची साधी परीक्षा अजूनही मोलाची मानली जाते.

अंथरुणाला खिळून राहण्याचा सल्ला एके काळी डॉक्टरही देत. नेदरलँड्समध्ये १८३ रुग्णांवर या सल्ल्याची परीक्षा झाली आणि १९९९ मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. काही रुग्णांना दोन आठवडे बिछान्यात ठेवले, बाकीच्यांना झेपेल तसे हिंडू-फिरू दिले. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत सारखेच, म्हणजे ८७ टक्के रुग्ण सुधारले होते. पडून राहिल्याने काही साधले नाही. बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत ओसरते, बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते. त्याच देशातील २००७ च्या दुसऱ्या अभ्यासात सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका सोसलेले २८३ रुग्ण होते. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांचा पाय लवकर मोकळा झाला, हे खरे; पण वर्षअखेर दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के बरे झाले होते. थांबण्याचा मार्ग पत्करलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया करावी लागली, हेही सांगितले पाहिजे. ज्याला वेदना असह्य आहे त्याने शस्त्रक्रियेला भिऊ नये आणि ज्याची सोसवते आहे त्याने घाई करू नये, एवढाच त्याचा व्यवहारी अर्थ.

दुखण्याची दिशा ओळखण्याची एक खूण न्यूझीलंडमधील एका योगायोगाने हाती आली. १९५६ मध्ये वेलिंग्टनचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांचा एक रुग्ण चुकून डोक्याकडची बाजू उचललेल्या पलंगावर पालथा पडून राहिला. कंबर मागे कमानीसारखी वाकलेली पाहून मॅकेन्झी घाबरले. रुग्ण मात्र म्हणाला की कित्येक दिवसांत पाय इतका मोकळा वाटला नव्हता. पायातील कळ वर सरकत कंबरेपुरती उरली, तर ते सुधारण्याचे लक्षण, मग कंबर थोडी अधिक दुखली तरी चालेल. कळ खाली पावलाकडे उतरू लागली, तर तो व्यायाम थांबवावा. पालथे पडून कोपरांवर छाती उचलण्याचा हा व्यायाम सर्वांना मानवत नाही. चालताना पाय भरून येणारे आणि पुढे वाकल्यावर बरे वाटणारे वृद्ध हा निराळा वर्ग आहे. त्यांच्यात मणक्याची नळी अरुंद झालेली असते आणि मागे वाकण्याने त्रास वाढतो.

औषधांच्या बाबतीत जैन घरांत काही अडचणी खास आहेत, आणि त्या डॉक्टरांना सांगितल्याच जात नाहीत. डॉक्टर रात्री दहाची गोळी लिहून देतात. चोविहार करणारे गृहस्थ मान हलवतात आणि घरी आल्यावर ती गोळी सोडून देतात किंवा सूर्यास्तापूर्वी दोन एकदम घेतात. दुसरा प्रकार धोक्याचा आहे. दिवसा घेता येईल असे वेळापत्रक बहुतेक वेळा आखता येते. विचारावे मात्र लागते. कॅप्सूलचे कवच बहुधा प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या जिलेटिनचे असते. तेच औषध गोळीच्या रूपात मिळते का, हेही तेथेच विचारावे. सर्वांत गंभीर गोष्ट उपवासाची. दाहशामक वेदनाशामके रिकाम्या पोटी जठराला जखम करतात आणि शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडांवर ताण आणतात. पर्युषणात अठ्ठाई चालू असताना पारण्यापर्यंत निभावण्यासाठी कोणी गुपचूप अशी गोळी घेत असेल, तर घरच्यांनी ते वेळीच थांबवावे. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर ती औषधे दुकानातून परस्पर आणूच नयेत. नसेसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या प्रीगॅबालिन या औषधाची ऑस्ट्रेलियात २०९ रुग्णांवर चाचणी झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार सायटिकात ते निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही. चक्कर येण्याचे प्रमाण मात्र वाढले.

पायात मुंग्या आल्या की ती सायटिकाच, असेही नाही. शाकाहारी घरांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळ आढळते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती अधिक संभवते. तिच्यात मोजे चढवावेत तसे दोन्ही पाय बधिर होतात किंवा जळजळतात. सायटिका बहुधा एकाच पायाची रेघ धरून उतरते. रक्ताची एक साधी तपासणी हा घोळ मिटवते, आणि बी-१२ जिवाणूंच्या किण्वनाने बनत असल्याने त्याची गोळी शाकाहाराला बाधत नाही. शेकाची पिशवी, ओव्याची गरम पुरचुंडी, तिळाच्या तेलाचा हलका हात यांनी आखडलेले स्नायू सैल होतात आणि जिवाला बरे वाटते, म्हणून ते उपाय जरूर करावेत. चकतीपर्यंत त्यांतले काही पोहोचत नाही. पाठीवर पाय देऊन मणका ‘बसवणाऱ्या’ माणसाला मात्र उंबऱ्याच्या आत घेऊ नये.

काही लक्षणांत एक दिवसही दवडता येत नाही. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, बैठकीची आणि जांघांमधली जागा बधिर होणे, दोन्ही पायांतील शक्ती कमी होणे, चालताना पाऊल लुळे पडून चप्पल निसटणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असो वा सण, थेट रुग्णालय गाठावे. नसांचा गुच्छ दबला असता काही तासांच्या विलंबानेही कायमचे अपंगत्व येऊ शकते. ताप, घटते वजन, पूर्वी झालेला कर्करोग किंवा रात्री झोपेतून उठवणारी कंबरदुखी असेल, तर मणक्याच्या क्षयाची किंवा गाठीची शंका घेऊन तपासणी व्हावी.

सामायिकाचे ४८ मिनिटांचे आसन दुखण्याच्या दिवसांत अवघड वाटते. कटासण्याखाली घडी घातलेली जाड शाल ठेवून बैठक चार बोटे उंच केली, की गुडघे कंबरेच्या खाली येतात आणि पाठ आपोआप ताठ होते. तेही न जमल्यास गुरुमहाराजांना विचारून खुर्चीवर बसावे. उपाश्रयात आज खुर्च्यांची रांग असतेच. पेढीवर दर अर्ध्या तासाने उठून फोन उभ्यानेच घ्यावा. आणि चालावे. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्या ७०१ प्रौढांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मार्गदर्शनाखाली चालण्याचा नेम धरलेल्यांना दुखणे परत येईपर्यंत मध्यमानाने २०८ दिवस लाभले, इतरांना ११२. देरासर पाऊण किलोमीटरवर असताना स्कूटर काढणाऱ्यांना ही संख्या पुरेशी बोलकी वाटावी.

पन्नास किलोचे पोते सरकवण्याचा मोह मालकाने टाळावा आणि हमालाची पाठही पाठच आहे, हे ध्यानात ठेवून त्याला ढकलगाडी द्यावी. राहिले शटर. ते जड झाले असेल तर स्प्रिंग दुरुस्त करून, पट्ट्यांना ग्रीस लावून घ्यावे. तोवर एका झटक्यात वाकून न ओढता, गुडघ्यांत बसून, दोघांनी मिळून उचलावे.