वयाचा दंड आणि वापराचा हिशेब

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अधिसूचना काढून वीस वर्षांहून जुन्या खाजगी मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण-शुल्क दहा हजार रुपये केले. १ एप्रिल २०२२ पूर्वी हेच शुल्क सहाशे रुपये होते. त्या दिवशी ते पाच हजारांवर गेले आणि साडेतीन वर्षांच्या आत पुन्हा दुप्पट झाले. महागाईच्या कोणत्याही निर्देशांकाने या वाढीचे समर्थन करता येणार नाही. शासनही ते त्या आधारावर करीत नाही. जुनी वाहने रस्त्यावरून दूर व्हावीत, हा या वाढीचा उघड हेतू आहे. हेतूबद्दल वाद नाही. प्रश्न आहे तो त्यासाठी निवडलेल्या मापाचा, आणि त्या मापाचा भार कोणावर किती पडतो याचा.

हा प्रश्न माझ्यापुरता निव्वळ पुस्तकी नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. नावडे येथील आमच्या घरासमोर आजोबांची एक मारुती ८०० उभी आहे. आमची भातशेती नवी मुंबईच्या उभारणीत गेली. पुढे साडेबारा टक्के योजनेत जो भूखंड मिळाला, त्याच्या पैशांतून आजोबांनी २००५ च्या ऑक्टोबरात ही मोटार घेतली. त्या वेळी पनवेलला स्वतंत्र परिवहन कार्यालय नव्हते. म्हणून तिच्या पाटीवर रायगडचा, म्हणजे पेण कार्यालयाचा ०६ हा क्रमांक आहे. आजोबांनी स्वतः ती कधी चालविली नाही. काका चालवीत, आजोबा शेजारी बसत. पनवेलचा बाजार, आजीचा दवाखाना आणि नात्यातील लग्ने एवढाच तिचा प्रवास. २०२४ मध्ये आजोबा गेले आणि मोटार माझ्याकडे आली. वीस वर्षे पुरी झाली तेव्हा तिच्या मापकावर अडतीस हजार किलोमीटरांचा आकडा होता; म्हणजे वर्षाला सरासरी एकोणीसशे किलोमीटर. २०२० मध्ये आजोबांनी नूतनीकरणासाठी सहाशे रुपये भरले होते. २०२५ मध्ये मी दहा हजार भरले. पर्यावरण कर दोन्ही वेळा वेगळा.

उभ्या गाडीचे दुखणे

कमी चाललेली मोटार म्हणजे जवळजवळ नवी मोटार, असा एक समज आहे. माझाही होता. आजोबांच्या आजारपणात ती आठ महिने पडवीलगत उभी होती. मी ती हाती घेतली तेव्हा बॅटरी निकामी झाली होती, टाकीतल्या पेट्रोलला वास मारीत होता, मागच्या चाकाचा ब्रेक जखडला होता आणि उंदरांनी दोन ठिकाणी तारा कुरतडल्या होत्या. टायरांची नक्षी शाबूत होती, पण कडांवर बारीक चिरा पडल्या होत्या. टायरच्या कडेवर चार आकडी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे तो कोणत्या आठवड्यात बनला ते सांगतात, शेवटचे दोन वर्ष सांगतात. आमचे टायर अकरा वर्षांचे निघाले. फाट्यावरच्या गॅरेजमधील मिस्त्री म्हणाला, "सर, ही गाडी चालून नाही बिघडली, उभी राहून बिघडली."

त्याच्या म्हणण्यात शास्त्र आहे. यंत्राची झीज दोन प्रकारची असते. एक वापराची, दुसरी काळाची. पट्टे, नळ्या, रबरी गाळे काळाने ताठर होतात. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे लागते, मग गाडी शंभर किलोमीटर चाललेली असो की वीस हजार. खाडीकडून येणाऱ्या दमट वाऱ्यात पायपोसांखालचा पत्रा गुपचूप गंजतो. इंजिनातील तेलही वर्षाने बदलणे इष्ट असते, कारण थोड्या अंतराच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही आणि आत जमलेले पाणी उडून जात नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी फिरवून आणणे, टाकीत जुने पेट्रोल साचू न देणे, पावसाळ्यापूर्वी तळाला गंजरोधक लेप देणे, एवढी पथ्ये पाळली की अशी मोटार पुष्कळ काळ नीट राहते. परंतु पथ्य पाळायला खर्च येतो, आणि हा खर्च किलोमीटरांच्या प्रमाणात घटत नाही.

माझ्या वहीतील हिशेब असा आहे. विमा, वार्षिक देखभाल, बॅटरी व टायर यांचा वर्षाचा हिस्सा, गंजाची डागडुजी आणि कर धरून नव्या शुल्काविना वर्षाला सुमारे बावीस हजार रुपये होतात. एकोणीसशे किलोमीटरांनी भागले तर किलोमीटरला साडेअकरा रुपये. त्यात पेट्रोलचे सात मिळवा, साडेअठरा होतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये लागू झालेल्या दराने मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचे भाडे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे आणि रिक्षाचे १७ रुपये १४ पैसे होते. म्हणजे माझी मोटार टॅक्सीहून दोन रुपयांनी स्वस्त आणि रिक्षाहून महाग. दहा हजारांचे शुल्क पाच वर्षांवर विभागले की वर्षाला दोन हजार, म्हणजे किलोमीटरला आणखी एक रुपया पाच पैसे. टॅक्सीशी असलेले अंतर निम्म्यावर आले. अर्थशास्त्रात निर्णय अशाच सीमेवर होतात, आणि शुल्क ठरविणाऱ्यांना हे ठाऊक आहे.

शासनाची बाजू

शासनाची बाजू दुबळी नाही. जुन्या मोटारीत हवेच्या पिशव्या नाहीत, चाके जखडू न देणारी ब्रेकयंत्रणा नाही. तिच्या धुराचे मानकही जुने आहे. एप्रिल २००५ मध्ये देशभर लागू झालेल्या भारत टप्पा २ च्या मानकानुसार पेट्रोल मोटारीला हायड्रोकार्बन व नायट्रोजन ऑक्साइड मिळून किलोमीटरला अर्धा ग्रॅम सोडण्याची मुभा होती. एप्रिल २०२० पासूनच्या टप्पा ६ मध्ये ही मर्यादा दोन्ही मिळून ०.१६ ग्रॅम आहे. म्हणजे किलोमीटरमागे माझी मोटार नव्या मोटारीच्या तिपटीने हवा बिघडवू शकते. तळोज्याच्या रासायनिक कारखान्यांशेजारी राहणाऱ्याने हवेच्या प्रश्नाला हलके लेखू नये.

परंतु हवेला किलोमीटरमागचा आकडा कळत नाही. तिला एकूण धूर कळतो. माझ्या मोटारीचे एकोणीसशे किलोमीटर अर्ध्या ग्रॅमने गुणले तर वर्षाला साडेनऊशे ग्रॅम होतात. वर्षाला बारा हजार किलोमीटर धावणाऱ्या कोऱ्या मोटारीचे, मानकाच्या मर्यादेनेच मोजले तरी, एकोणीसशे वीस ग्रॅम होतात. वार्धक्यामुळे माझी मोटार मर्यादेच्या दीडपट धूर सोडते असे धरले तरी ती मागेच राहते. आता वीस वर्षे वयाच्याच दोन मोटारी घ्या. एक वर्षाला पंधरा हजार किलोमीटर धावते, दुसरी एकोणीसशे. दोघींना शुल्क सारखेच. पहिलीवर किलोमीटरला तेरा पैशांचा भार पडतो, दुसरीवर एक रुपया पाच पैशांचा. जी अधिक धूर सोडते तिला तो धूर आठपट स्वस्त पडतो. ज्या करात उपद्रव वाढेल तसा दर घटतो, त्याला प्रदूषणावरील कर म्हणणे कठीण आहे. तो वयावरचा दंड आहे.

मग शासन वय का मोजते? कारण वय मोजणे सोपे आहे. ते नोंदणीपुस्तकावर छापलेले असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ४१ व्या कलमाने खाजगी वाहनाच्या नोंदणीची मुदत पंधरा वर्षे ठरविली आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरणाची तरतूद केली. प्रशासनाची सोय हा दोष नव्हे. पण सोयीचे माप न्याय्य मापाची जागा घेऊ लागले की काय होते, हे दिल्लीने दाखविले. तेथे दहा वर्षांच्या डिझेल व पंधरा वर्षांच्या पेट्रोल वाहनांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली. जुलै २०२५ मध्ये अशा वाहनांना पंपावर इंधन नाकारण्याचा प्रयोग झाला आणि काही दिवसांतच थांबवावा लागला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने केवळ वयावरून कारवाई करू नये असे सांगितले; डिसेंबरमध्ये हे संरक्षण टप्पा ४ व त्यापुढील वाहनांपुरते राखले. या शेवटच्या आदेशाने माझी मोटार वाचत नाही. तरीही विचाराचा रोख वयाकडून धुराकडे वळला, ही गोष्ट स्वागतार्ह आहे.

भार कोणावर?

२०२१ च्या वाहन-भंगार धोरणाने जुनी मोटार नोंदणीकृत केंद्रात मोडणाऱ्यास सवलती देऊ केल्या आहेत. त्यांतील भरीव सवलत नव्या वाहनाच्या करात, पंचवीस टक्क्यांपर्यंत, मिळते. म्हणजे ती घेण्यासाठी आधी नवी मोटार घेतली पाहिजे. जो मोटार मोडून आगगाडीने किंवा बेलापूर-पेंधर मेट्रोने जाईल, त्याच्या हाती भंगाराच्या किमतीपलीकडे फारसे काही लागत नाही. हवेच्या दृष्टीने हाच गृहस्थ सर्वांत उपकारक आहे. धोरणाला हवेइतकीच मोटार-कारखान्यांच्या मागणीची काळजी आहे, असे म्हणावे लागते.

त्याच २०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी पुराण-वाहनांची वेगळी नोंदणी सुरू केली. तिच्या नूतनीकरणाचे शुल्क पाच हजार रुपये ठरले. पन्नाशी गाठलेली मोटार हा संग्राहकाचा वारसा, आणि विशीतली कारकुनाची मोटार हे भंगार! मधली तीस वर्षे जो पार पाडू शकेल त्याच्या पदरी सन्मान आहे; पण तो पार पाडण्याइतकी ऐपत कोणाची, हे सांगावयास नको.

इंधनाचीही हीच कथा आहे. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. त्यात ऊस उत्पादकाचे हित आहे, परकीय चलनाची बचत आहे, आणि महाराष्ट्राने त्याबद्दल कुरकुर करू नये. पण जुन्या वाहनांत काही रबरी भाग व गाळे लवकर बदलावे लागतील, हे शासनाने स्वतःच मान्य केले आहे. इथेनॉल पाणी ओढते, त्यामुळे उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीला त्याचा जाच अधिक. लाभ साऱ्या देशाला वाटला जातो. नळ्या बदलण्याचा खर्च मात्र ज्याला नवी मोटार परवडत नाही त्याच्या वाट्याला येतो.

उपाय अवघड नाही. टप्पा ४ पूर्वीच्या मोटारींना दर सहा महिन्यांनी प्रदूषण-तपासणीचा दाखला घ्यावा लागतो. त्याच वेळी मापकावरील आकडा अधिकृतपणे नोंदवावा आणि नूतनीकरणाचे शुल्क पाच वर्षांत कापलेले अंतर व तपासणीत आढळलेला धूर यांच्या गुणाकारावर आकारावे. न्यूझीलंडमध्ये डिझेल मोटारींचा रस्ता-कर कित्येक वर्षे किलोमीटरांवर आकारला जात आहे. आपल्याकडेही विमा नियामक प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये वापरानुसार हप्ता ठरविण्यास अनुमती दिली आहे. विमा कंपन्यांना जमेल ते परिवहन खात्याला जमू नये, असे काही नाही. मापक मागे फिरविण्याची लबाडी होईल, हा आक्षेप खरा आहे. पण वर्षातून दोनदा नोंद झाली तर आकडा मागे फिरविणे आजच्यापेक्षा कठीणच होईल. आणि जी मोटार तपासणीत उतरणार नाही तिला, ती कितीही लाडकी असो, सवलत देऊ नये. त्यात माझीही आली.

मी दहा हजार भरले ते हिशेबाने नव्हे, हे कबूल केले पाहिजे. हिशेब रिक्षाच्या बाजूने होता. पण आजी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात रात्री अडीच वाजता तिला दम लागला तेव्हा फाट्यावर एकही रिक्षा नव्हती. मोटार पहिल्या फटक्यात सुरू झाली, कारण तिची पथ्ये पाळलेली होती. अशा मोटारी गावोगावी, आळीआळीत उभ्या आहेत. वर्षातून थोड्याच वेळा चालतात, पण त्या वेळी त्यांना दुसरा पर्याय नसतो. त्यांच्या मालकांनी रस्ता वापरल्याचे, हवा बिघडविल्याचे मोल अवश्य द्यावे. ज्या वाटेने ते गेलेच नाहीत तिचे मोल मात्र शासनाने त्यांच्याकडून मागू नये.